दार हिकडं हाय

कडा, १९ जानेवारी २००९

दिपाली,

वर 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. खोडलेलं बरं दिसेना म्हणून कागद बदलला. आता नुसतं नाव आहे तर शाळेत हजेरी घेतेय असं वाटतंय. असू दे.

फोन करून करून बोट दुखलं. शेवटी तुझ्या मामींनी उचलला. म्हणाल्या, "ती गेली बीडला, होस्टेलवर. मोबाईल हितंच टाकून गेली. काय झालं गं तुमचं दोघींचं?" मी म्हटलं, काही नाही मामी, उगाच. नर्सिंगच्या होस्टेलचा पत्ता त्यांनीच दिला. परत कधी येणार विचारलं, तर म्हणाल्या, "आता एकदम उन्हाळ्यात येते म्हणली." म्हणजे तुला लई राग आलाय.

आधी माझी बाजू ऐक. संक्रांतीला तू तिळगूळ घेऊन आमच्या सायबर कॅफेत आलीस तेव्हा मी मागे झेरॉक्सपाशी होते. तीन नंबरच्या मशीनवर राधाकिशन आणि त्याची पोरं बसली होती. ती काय खेळतात ते मी काय डोळ्यांत तेल घालून बघत बसू? मी आले तर तू दारात उभी, पडद्यावर उसाच्या पाचटाची कोपी, अख्खी झोपडी पेटलेली, आणि स्पीकरमधून बाई ओरडतेय, "दार हिकडं हाय, हिकडं ये!" पोरं खिदळत होती. तू तिळगुळाची पुडी काउंटरवर ठेवलीस आणि गेलीस. हातावरसुद्धा दिली नाहीस. पुडी अजून तिथेच आहे. आईने दोनदा विचारलं, ही कुणाची म्हणून.

तुला का लागलं ते मला कळतं. तुमच्या घरचं ते कड्यात तुझे मामा-मामी सोडले तर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तुझा भाऊ सटवा, चार वर्षांचा, उसाच्या फडावर कोपी पेटली त्यात गेला. तू मला विश्वासाने सांगितलं होतंस. त्यामुळे पडद्यावर तसलं काही दिसलं की तू पाठ फिरवणारच. पण दिपे, खेळात काय, काहीही पेटतं. आणि त्या बाईचा आवाज तुझ्यासारखा वाटला असेल तर तो निव्वळ भास. आमच्या त्या भंगार स्पीकरमधून सगळ्या बायका सारख्याच ऐकू येतात.

आपल्या त्या दुपारी आठव की जरा. आमच्या अमरदादाने पुण्याहून तो तलवारी-जादूचा खेळ आणला आणि मी येडी झाले. मूळ खेळात आपला गडी बर्फात उघडा हिंडला तरी त्याला शिंक येत नाही. आठ दिवस जेवला नाही तरी राक्षस मारतो. मला ते पटायचंच नाही. मला भूक पाहिजे होती, थंडी पाहिजे होती, तंबू, जळण, सगळं. मग मी नेटवरून मॉड उतरवायला लागले. आईने विचारलं होतं, "मॉड म्हंजे काय गं, मटकीला येतात ते?" मी सांगितलं, मूळ खेळात जे नाही ते लोक आपापल्या घरी बसून तयार करतात आणि नेटवर फुकट ठेवतात. आपल्याला हवं ते निवडायचं आणि खेळात घालायचं. "म्हंजे वरून फोडणी," आई म्हणाली. तुला किती हसू आलं होतं.

दुपारी तीन ते पाच कॅफेत कुत्रं फिरकायचं नाही. लाईट असली की आपण दोघी एक नंबरवर. तू मामाकडून बारावीचं पुस्तक घेऊन यायचीस, ते मांडीवर उपडं, आणि मी उतरवलेला एकेक मॉड तू नापास करायचीस. 

"तंबूत शिरताना वाकला का तो?"

"नाही."

"मग खोटा हाय. काढ."

भुकेचे चार मॉड होते. एकात दर दोन तासांनी पोट गुरगुरायचं. तू म्हणालीस, "अशी न्हाई लागत भूक. आधी लागते, मग मरते. मग संध्याकाळी उगाच कुणावर तरी खेकसावं वाटतं, ती खरी भूक." जळणाचा मॉड बघून म्हणालीस, "आत्ता तोडलेलं लाकूड लगीच पेटलं? धूर कुठंय?" थंडीच्या मॉडमध्ये कोपऱ्यात आकडा कमी होत जायचा, त्यावर म्हणालीस, "आकडा कशाला? पायाची बोटं गेली की कळतंय." मी ते सगळं वहीत लिहून घ्यायचे. अठरातले दोन उरले, आणि ते दोन एकत्र घातले की खेळ बंद पडायचा.

एकदा मी विचारलं, यातला तुला कुठला ठेवायचा? तू म्हणालीस, "समदे काढ. मला घोडा दे आन् त्या डोंगरावर जाऊ दे. खेळात तरी मला चूल पेटवाय लावू नको." मी हसले. काढले नाहीत.

राग सोड आता. खेळच आहे शेवटी.

रोहिणी


कडा, ८ फेब्रुवारी २००९

दिपाली,

मागचं पत्र वाचलं नसशील तर वाचू नकोस, फाड. वाचलं असशील तर शेवटचं वाक्य मी परत घेते. 'खेळच आहे शेवटी.' हे मी लिहिलं कसं? भाजी निवडताना आठवतं, अंघोळीला गेलं की आठवतं, आणि मी मोठ्याने काहीतरी बडबडते म्हणजे ते आठवायचं थांबेल. आईला वाटतं मला बाहेरचं झालंय.

मी झेरॉक्सपाशी नव्हते. राधाकिशनच्या मागेच उभी होते, त्याच्या खुर्चीवर हात ठेवून. आणि तो मॉड पोरांनी कुठून आणला नव्हता. मी केलेला आहे. मीच तो कॅफेच्या पाचही मशीनवर घातला.

तू जूनमध्ये बीडला गेलीस. इथे पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही, आणि माझ्या पुढ्यात तुझ्या बोलण्याने भरलेली वही. वाटलं, सगळ्या तंबूंना तू खोटं ठरवलंस ना, मग आपणच खरा करू. तंबूच्या जागी मी कोपी केली. पाचटाची, वाकूनच शिरायला लागेल अशी, एका दाराची. ओल्या जळणाचा धूर घातला. भूक मरते ते घातलं. थंडीचा आकडा काढून टाकला, त्याऐवजी गड्याची चाल मंदावते. कोपीबाहेर एक बाई बसवली, गडी जवळ गेला की ती म्हणते, "ये, बस, भाकर खा." इथवर तू ऐकलं असतंस तर मला दोन शिव्या घालून माफ केलं असतंस, हो ना?

पण चुलीचं राहिलंय. तुला आठवत असेल, त्या थंडीच्या मॉडमध्ये मी तंबूच्या आत चूल मांडली होती. आत मांडली की थंडी लवकर पळायची, मी खूश. तू म्हणालीस, "आत चूल न्हाई मांडायची." मी म्हटलं, कावून? मग तू सांगितलंस. म्हणालीस, सटवा गेल्यापासून आई फडावर गेली की आधी वारा बघते, मग चुलीचे तीन दगड मांडते, आणि दगड मांडल्याशिवाय कुणाला बांबूला हात लावू देत नाही. ऊसतोडीची सगळी टोळी आधी कोपी बांधते, एकटी मंजुळाबाई आधी चूल मांडते, म्हणून लोक तिला हसतात.

आणि मी त्याचा नियम केला, दिपाली. चूल आत मांडली तर पाचातून एकदा कोपी पेटणार, आणि ती बाई ओरडत धावत येणार. मला वाटलं काय डोकं चालवलंय मी! दिवाळीनंतर नेटवर ठेवला. पोलंडमधल्या एकाने लिहिलं, बाई काय म्हणते ते कळत नाही पण अंगावर काटा येतो, इतका खरा मॉड आजवर पाहिला नाही. मी त्याला धन्यवाद लिहिले. खाली नाव माझं एकटीचं.

कड्याच्या पोरांना थंडीशी नि भुकेशी काय घेणं? ती मुद्दाम चूल आत मांडायची. पेटली की पुन्हा, पेटली की पुन्हा. मला ते महिनाभर माहीत होतं.

अजून एक आहे, ते आता लपवून उपयोग नाही. राधाकिशनने ते ओरडणं मोबाईलवर घेतलंय आणि ब्लूटूथने वाटलंय. परवा स्टँडवर आष्टीची बस लागली, बायका पिशव्या घेऊन मागच्या बाजूला पळाल्या, तर चार पोरं एकदम ओरडली, "दार हिकडं हाय!" सगळं स्टँड हसलं. मी भाजी घेत होते. पिशवी तिथेच विसरून आले.

रोहिणी


कडा, २४ फेब्रुवारी २००९

दिपाली,

तुझं कार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड, त्यावर एक ओळ, पोस्टमनने वाचलं आणि मग आईच्या हातात दिलं. आईने वाचलं आणि मग माझ्या. "आई पाडव्याला फडावरून येणार. तिच्या कानावर हे गेलं तर मी मेले तरी तुझं तोंड बघणार नाही." तू मुद्दामच कार्ड पाठवलंस ना? बरं केलंस. पाकिटात असतं तर मी ते उशीखाली दाबून बसले असते.

काल महाशिवरात्र. आईने पूजा उरकली, फराळाचं वाढलं आणि विचारलं, "कुणाची आई? काय कानावर जायला नको?" मी सगळं सांगितलं. सटवाचं नाव घेतलं नाही, तुझ्या घरचं एक दुःख एवढंच म्हटलं. पप्पा ऐकत होते. तुला माहिती आहे, पप्पा कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. उठले, कॅफेत गेले, तीन नंबरच्या मशीनची वायर काढून आले आणि म्हणाले, "आजोबांपासून आपलं दुकान आहे. गिऱ्हाईक पिशवी विसरून गेलं तर आपण ती फळीवर ठेवतो. वर्ष झालं तरी उघडून बघत नाही. तू तर उघडून बाजारात मांडलीस." फराळ तसाच राहिला. तिघांचाही.

पप्पांना तरी सगळं कुठे माहीत आहे. तुलाही नाही. तो आवाज तुझाच आहे. मागे भास म्हणून लिहिलं ते धडधडीत खोटं. तो आवाज मी कुठून काढला, हे तू स्वतःला विचारत असशील, कारण तू तर माझ्यासाठी तेवढंच बोलली होतीस, "ये, बस, भाकर खा." उगाच गंमत म्हणून आवाज भरू, आईसारखं बोलून दाखव म्हटलं आणि तू हेडफोन लावून, लाजत लाजत बोललीस. ते तुला माहीत होतं. मग तू हेडफोन काढून गळ्यात अडकवलास, माईक तुझ्या हनुवटीशी. मी चुलीचं विचारलं आणि तू सांगायला लागलीस.

रेकॉर्डिंग चालू होतं, दिपाली. पडद्यावर लाल ठिपका होता, तुझी पाठ होती त्याच्याकडे, माझे डोळे होते. मी बंद नाही केलं. मला वाटलं मी उठले तर तुझं बोलणं तुटेल, असं मी स्वतःला सांगत आलेय वर्षभर. तेही खोटं. मला ते हवं होतं. तू रडत होतीस आणि मी मनात म्हणत होते, हा आवाज किती खरा आहे.

अकरा मिनिटं आहेत. वाऱ्यामुळे त्या दिवशी आईने चूल आत मांडली, कालव्यावर पाण्याला गेली, तू सात वर्षांची, बैलांपुढे उसाचं वाढं टाकत होतीस. आईने धूर बघितला, घागर फेकली आणि धावत आली. आणि ती काय ओरडली ते तू सांगितलंस, तेव्हा तुझा आवाज तुझा राहिला नाही. त्या अकरा मिनिटांतली चार सेकंदं मी कापून घेतली.

शी! लिहूनसुद्धा हात धुवावेसे वाटतात. माझी मलाच लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून काही चांगुलपणा येत नाही अंगात, हेही कळलंय. पाडव्याला एक महिना आहे. तोवर तो आवाज कड्यातल्या एकाही मोबाईलवर राहणार नाही. तुझी शपथ घेणार होते. नको. ती माझी राहिली नाही.

रोहिणी


कडा, १५ मार्च २००९

दिपाली,

नेटवरून मॉड काढला. दोनशे बारा जणांनी आधीच उतरवून घेतला होता, त्यांच्यापुढे इलाज नाही. पण तुझी आई काही पोलंडला जाणार नाही. कॅफेच्या पाचही मशीन पुसल्या. वही चुलीत घातली, खरोखरच्या.

मोबाईलचं काम अवघड होतं. राधाकिशन म्हणाला, "कावून पुसू? लोकांला आवडतंय." सटवाचं सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे पुसलं असतं. त्याला धाकटा भाऊ आहे, तो काही राक्षस नाही. ओठावर आलंही होतं. पण ती गोष्ट मी एकदा वापरलीय, पुन्हा नाही वापरायची, मग ती चांगल्या कामासाठी का असेना. म्हणून हात जोडले. तो म्हणाला, "बरं, तू एकदा म्हणून दाखव. स्टँडवर, सगळ्यांसमोर. मग पुसतो आन् ज्याला ज्याला दिलंय त्याची नावं देतो."

म्हटलं मी. दुपारी एकची बस उभी होती, तिच्या दाराशी उभी राहून, कड्यातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांसमोर. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा ओरडले. कंडक्टर म्हणाला, "ओ मॅडम, बरं हाय ना?" पोरं हसली, पण थोडीच. राधाकिशन तर हसलाच नाही, खाली बघून मोबाईल काढला आणि पुसलं. सतरा नावं दिली. पुढच्या पंधरा दिवसांत मी सतरा घरी गेले. सलूनमध्ये गेले, पिठाच्या गिरणीवर गेले, कारखान्याच्या गेटवर वॉचमनला गाठलं. लोक म्हणतात, गुरुपाद शेटच्या पोरीचं डोकं फिरलं. फिरू दे.

पोरांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. कारण अजून एक तुला सांगायचं राहिलंय, आणि हे शेवटचं, यापुढे माझ्याकडे लपवायला काही नाही. संक्रांतीला तू दारात आलीस तेव्हा मी तोंडावर हात ठेवलेला तू पाहिला असशील. तुला वाटलं असेल, तुला बघून दचकले. तसं नव्हतं गं. पोरं हसत होती, मलाही हसू येत होतं, ते मी दाबत होते.

अठरावं नाव मागाहून कळलं. धर्मराज, तुमच्याच टोळीबरोबर गेलेला ट्रॅक्टरवाला. दिवाळीला ट्रॅक्टर घेऊन गेला होता, मधे एकदा कड्याला आला तेव्हा ते ओरडणं मोबाईलवर घेऊन गेला. म्हणजे ते फडावरच पोहोचलंय, तुझ्या आईच्या कोपीपासून हाकेच्या अंतरावर! त्याचा नंबर मिळवला, चार दिवस लागत नव्हता, होळीच्या दुसऱ्या दिवशी लागला. मी काय बोलले मला आठवत नाही, नुसती रडत होते. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "ताई, रडू नका. हे बघा पुसलं. कुणालाच आयकवलं न्हाई अजून."

मग घरी आले आणि माझ्याकडची ती अकरा मिनिटंही पुसली. एकदा ऐकावं वाटलं, ऐकलं नाही. आता ते जगात कुठे असेल तर पोलंडात. तुझी आई पाडव्याला खुशाल येऊ दे, तिच्या कानावर काही जाणार नाही.

तू माफ कर असं मी म्हणत नाही. एवढं झालं म्हणून कळवलं.

रोहिणी


कडा, ४ एप्रिल २००९

दिपाली,

हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ. माझ्यासाठी नाही. नीट वाच आणि निघ.

काल दुपारी लाईट नव्हती. मी अर्धं शटर ओढून बसले होते. एक बाई वाकून आत आल्या, चपला बाहेर काढल्या, आणि मी ओळखलं. तुझ्यासारखंच नाक. मी उभी राहिले.

"रोहिणी तूच का? दिपीची मैत्रीण?"

"हो, मावशी. बसा ना."

"बसत न्हाई." इकडे तिकडे बघितलं. काळे पडलेले पडदे बघितले. "तुज्या खेळात कोपी हाय म्हणं. चूल कुठं मांडलीस तिची?"

मी म्हटलं, मावशी, जो खेळतो त्याच्या मर्जीवर असतं ते.

"चूल मर्जीवर न्हाई ऱ्हात, पोरी. वाऱ्यावर ऱ्हाती."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. त्या सांगायला लागल्या. धर्मराज त्यांना म्हणाला होता, कड्याच्या एका पोरीचा फोन आलता, लई रडत होती, मोबाईलमधलं काहीतरी पुसायला लावलं. काय होतं, तर सांगेना. मावशींनी रोज विचारलं. शेवटी गाड्या भरून परत निघताना तो बोलला, मावशी, तुमच्या दिपीचा आवाज होता, दार हिकडं हाय म्हणत होती. बघ दिपाली. धर्मराजने कुणालाच ऐकवलं नव्हतं. मी फोन केला नसता तर तो विसरूनही गेला असता. पुसायला गेले आणि मीच पोहोचवलं.

मी पायाशी वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"त्ये ऱ्हाऊ दे. मला आयकव."

"पुसलं, मावशी."

"समदं?"

"सगळं. माझ्याकडचंसुद्धा."

तेव्हा त्या बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर, भिंतीला टेकून. मग म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहिते, माझा एकही शब्द घालत नाही.

"अकरा वरीस झाले. माजी जाऊ हुती तवा फडावर. ती म्हणती, मंजुळे, तू नुसती हुबी हुतीस. घागर डोक्यावर तशीच, आन् तोंडातून सबुद काढला न्हाईस. वरडली आसतीस तर त्ये लेकरू आवाजाच्या रोखानं दाराकडं आलं आसतं. मला काय बी आठवत न्हाई. जाळ आठवतो नुसता. मी म्हणलं, आसंल, हुबीच आसंल मी. अकरा वरीस तसंच धरून चालले. आन् आता ही दिपी म्हणती, दार हिकडं हाय. ह्ये कुनाचं बोलनं बोलती ती? मी वरडले हुते का?"

दिपाली, मला उत्तर माहीत होतं. ती अकरा मिनिटं मला तोंडपाठ आहेत. घागर फेकली. धावत आली. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा घसा फाटला, दोन दिवस बोलता येईना, म्हणून कुणाला वाटलं ती बोललीच नाही. तूच सांगितलंस हे मला, रडत रडत, आणि आईला कधी सांगितलं नाहीस, कारण तुमच्या घरात त्या वर्षाचं नावच कुणी काढत नाही. ती असं काही उराशी घेऊन बसलीय, हे तुला तरी कुठे माहीत होतं?

मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुला काय म्हाईत, तू हुतीस का तिथं? नव्हतेच ना मी. तिथे तू होतीस. माझ्याकडे जे होतं ते चोरलेलं होतं, आणि ज्या एका माणसाला ते ऐकायचं होतं तिच्यासाठी मी ते शिल्लकही ठेवलं नाही.

एवढंच म्हणाले, "मावशी, ते दिपालीलाच विचारा. ती खोटं बोलत नाही."

"ती कवा येनार?"

"मी कळवते."

त्या उठल्या. तुझी ती संक्रांतीची पुडी फळीवर होती, पप्पांनी ठेवलेली, न उघडता. ती मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ही दिपाली विसरून गेली होती. त्यांनी ती पदरात बांधली.

तू कार्डात लिहिलं होतंस, आईच्या कानावर गेलं तर माझं तोंड बघणार नाहीस. गेलं. नको बघूस. तू येशील तेव्हा मी स्टँडच्या बाजूला फिरकणार नाही.

पण ये. आज त्या स्टँडवर आल्या होत्या, राधाकिशनने सांगितलं. बीडची बस लागली की उठायच्या, दारातून उतरणारं एकेक माणूस बघायच्या, बस रिकामी झाली की परत बसायच्या. पोरं तिथेच होती, पण कुणी ओरडलं नाही. चारची बस गेली तेव्हा त्या घरी गेल्या. उद्याही येणार आहेत.

उतरल्या उतरल्या तिला सांग. पिशवी खाली ठेवायच्या आधी.

रोहिणी